कोरड्या पुरात मास्तर बुडाले

गेल्या दिवाळीनंतर, ऐन मंडईच्या जत्रांच्या दिवसांत, भर दुपारी मी पुरात बुडून मेलो. नदीला तेव्हा घोट्याइतकं पाणी होतं.

मी सिहोऱ्याकडच्या एका खेड्यात मास्तर आहे. गावही माझंच. वैनगंगा फुगली की आमच्या खालच्या टोलीत, म्हणजे नदीकाठच्या वस्तीत, पाणी शिरतं, म्हणून शाळेतल्या पोरांना आपत्तीची तयारी शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (बाकीचे मास्तर भंडाऱ्याहून जाणं-येणं करतात. पूर आला की ते तिकडेच थांबतात. त्यांची तयारी आधीपासूनच उत्तम आहे!) पोरं मात्र भराभर शिकली. भोंगा वाजला की पिशवीत काय भरायचं, म्हाताऱ्यांना हाताला धरून टेकाडावरच्या शाळेत कसं आणायचं, जखमी माणूस खाटेवरून कसा न्यायचा, सगळं त्यांना पाठ. सातवीतली पायल त्यांची पुढारी. ती "रांगेत!" म्हणून ओरडली की शाळेसमोरची कुत्रीसुद्धा दचकून सरळ उभी राहतात.

सगळी टोली शिकली. शिकली नाही ती एकटी माझी माय.

मागच्या पुरात पाणी उंबऱ्याला लागलं तरी माय धानाच्या कोठीवर चढून बसली होती, मांडीत कोंबडी घेऊन. लोकांनी डोंगा आणला, हातापाया पडले, तेव्हा कुठे उतरली. खरं सांगतो, पोरांना शिकवण्यात माझा स्वार्थ एवढाच होता, की भोंगा वाजल्यावर माझ्या मायनं घराबाहेर पाऊल टाकावं.

"माय, आता भोंगा वाजला का निघशील ना?"

"कायले निघू? पानी आपल्या पायानं येते, आपल्या पायानं जाते. मी काहून धावपळ करू?"



मग तालुक्याच्या साहेबांचा निरोप आला, की पोरांकडून सगळ्या टोलीचा सराव करून दाखवा. साहेबांना सवड मिळाली ती दिवाळीनंतर. आता आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर म्हणजे मंडई. गावोगावी नाटकं, दंडारीचे खेळ, आणि घरोघरी पाहुणे. या दिवसांत गावात चार लोकांसमोर काहीही करून दाखवायचं असलं, तर सोयऱ्यांना बोलवावंच लागतं. नाही बोलावलं तर पुढच्या लग्नापर्यंत रुसवा! त्यात कोतवालानं दवंडी दिली : "उद्या शाळेचे पोरं पूर करून दाखवनार आहेत होऽऽ!"

झालं. टोलीतल्या प्रत्येक घरानं फोन फिरवले. "या बाप्पा, उद्या आमच्या गावाले पूर आहे!"

आमच्या घरचे सगळे फोन मायनं केले. अड्याळहून माझे सासरे आले, सोबत त्यांचे तिघे भाऊ आले. आंबागडच्या मामानं "दुपारपर्यंत पोचतो" म्हणून कळवलं. सकाळपासून बायको वडे तळत होती. मध्येच चुलीजवळून तिनं विचारलं, "अहो, पूर किती वाजता आहे? त्या हिशोबानं भात टाकते."

बुडालेल्या माणसाचं काम आमच्याकडे सहावीतल्या गोलूला दिलं होतं. पण त्यानं सकाळीच आमच्या घरी इतके वडे हाणले, की खाटेवर आडवं केलं आणि त्याला उचकी लागली. पाणी पाजलं, पाठ थोपटली, दरडावलं, पण उचकी काही थांबेना.

"बेशुद्ध मानूस उचक्या देत नाही," पायल म्हणाली. "सर, तुमीच झोपा."

"अगं, मी सूचना देणार आहे ना!"

"बुडलेला मानूस सूचना देत नाही. डोळे मिटा."

मी डोळे मिटले. पोरांनी माझ्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. (डिसेंबरचं पाणी! तेव्हाच खरा बुडालो असतो तर परवडलं असतं.) आठवीतल्या चार दांडग्या पोरांनी खाट उचलली, भोंगा वाजला आणि आम्ही टोलीतून निघालो.

डोळे मिटलेले असले तरी कान उघडे होते. टोलीतून कोणी निघाल्याची चाहूलच लागेना. ऐकू येत होतं ते एवढंच : "भात घ्या", "अजून एक वडा टाक". घरोघरी पंगती बसल्या होत्या! टेकाडावर साहेब हातात घड्याळ धरून एकटे उभे असणार, आणि इकडे पूरग्रस्त रस्सा वाढून घेत होते. आमच्या दारासमोर खाट थांबली. पायल आत गेली.

"आजी, चला. पूर आला."

"येऊ दे. पावने जेवून राहिले, त्यायले सोडून कुठी येऊ? तू पन बस, दोन वडे खाय."

संपलं, मला वाटलं. साहेब नापास करणार, आणि ते एक वेळ चालेल, पण माय काही हलणार नाही.

नेमका तेव्हा आंबागडचा मामा मोटारसायकलवरून दारात उतरला. मायनं फोनवर त्याला नुसतं "मंडईले ये" म्हटलं होतं, त्यामुळे त्याला दवंडी माहीत नव्हती, सराव माहीत नव्हता. त्याला दिसला तो भाचा, ओलाचिंब, डोळे मिटलेला, चौघांच्या खांद्यावर.

"अवो बाई! आपला मास्तर गेला!"

घरातून भांडं पडल्याचा आवाज आला आणि त्यामागून माय. पिठाचे हात तसेच. "माझा बाबू! कसा रे पान्यात गेला माझा बाबू!" मी चटकन एक डोळा उघडला आणि "माय" म्हणायला तोंड उघडलं, तर पायलनं माझ्या तोंडावर ओला टॉवेल टाकला. "सर, अजून शाळा नाही आली!" ती दातओठ खाऊन कुजबुजली. पोरं तर घाबरून पळतच सुटली. मागून माय, मायमागून मामा, मामामागून भरल्या ताटावरून उठलेले आमचे पाहुणे. आमच्याकडे कोणाच्या दारातून अशी खाट निघाल्यावर पंगतीत कोणी बसून राहत नाही. त्यामुळे बघता बघता अख्खी टोली, आलेल्या सोयऱ्यांसकट, उष्ट्या हातांनी टेकाड चढली!

साहेब हरखून गेले. "वा! एक माणूस मागे राहिला नाही! आणि या आजी, काय जीव ओतलाय यांनी!"

मी टॉवेल काढून उठून बसलो. रडारड थांबली. मायनं माझ्याकडे बघितलं, माझ्या छातीला हात लावून बघितला आणि मग साहेबांसमोर, माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांसमोर, माझ्या मुस्काटात दिली.

"पान्यात कायले गेला होता?"

"माय, पानीच नव्हतं."

"मंग बुडला कसा?"

सासरे तेवढे खूश होते. पाठीवर थाप मारून म्हणाले, "काम झकास केलं, जावईबापू. फक्त मेल्यावर पोट थोडं हालत होतं." मामानं टेकाड चढता चढताच चार गावांना फोन लावले होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत लोक सांत्वनाला येत राहिले. त्यांना चहा मीच दिला. एक-दोघांनी तो माझ्या हातून घेतलाच नाही!

यंदाच्या पावसाळ्यात खरा पूर आला. वरच्या धरणाचं पाणी सोडलं आणि सकाळीच भोंगा झाला. पोरांनी कमाल केली. गडबड नाही, रडारड नाही, घरामागून घर रिकामं होत गेलं. फक्त आमच्या घरी माय कोठीवर चढून बसली. मी विनवलं, बायकोनं विनवलं. गोठ्यात पाणी आलं.

पायल आली. तिनं मायकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अंगणातली खाट ओढली.

"सर, झोपा."

"पायल, हा सराव नाही! खरा पूर आहे!"

"म्हून तं सांगून राहिली."

मी झोपलो. पोरांनी मला उचललं. दोन पावलं गेली नसतील, तर मागून चुळुक चुळुक पाय वाजले. मायनं काखेत कोंबडी घेतली होती आणि दुसऱ्या हातानं खाटेचा खूर धरला होता.

"माय, मी जिवंत आहे, माहीत आहे ना तुले?"

"माहीत आहे. पन पोरगं खाटेवर जाऊन राहिलं अन् माय घरी बसन काय? चूप झोप."

मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! पण पायल बघत होती, त्यामुळे रडताही येईना.

तेव्हापासून आमच्या टोलीत भोंगा वाजला तर कोणी फारसं हलत नाही. आभाळ फाटलं की लोक आपापल्या दारात पिशव्या घेऊन उभे राहतात आणि शाळेच्या पोरांना एवढंच विचारतात, "काय रे, मास्तरले खाटेवर घेतलं का?"