कल्याणरावांचे तीनशे किलोमीटर

सिरसाळ्याच्या बाजारात कल्याणरावांच्या काट्याला देवाच्या खालोखाल मान आहे. सरकीची ढेप, भुसा, पेंड, काहीही घ्या. पन्नास किलोचं पोतं म्हणजे पन्नासच. एकदा पोतं उसवून चार मुठी पेंड रस्त्यावर सांडली, तर गिऱ्हाईक नको नको म्हणत असताना त्यांनी ती दुकानातून भरून दिली. अशा माणसानं आयुष्यात एकच खोटं बोलायचं ठरवलं, तर ते लहानसंच निवडणार. कल्याणरावांनी लहानसंच निवडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी पाडव्याला त्यांनी विजेवरची मोटार घेतली. तीच मोटार पेट्रोलवर चार लाखांनी स्वस्त होती. हा फरक पाच वर्षांत कसा फिटतो, याचा एक कागद त्यांनी तयार केला आणि येईल त्याला दाखवला. बाजारानं कागद नीट वाचला. मग समोरच्या हॉटेलातल्या बंकटनं विचारलं, "अप्पा, बॅटरी संपल्यावर सेल कुठले टाकता?" दुसरा म्हणाला, "पेन्सिल सेल चालत न्हाईत त्याला. रेडिओतले मोठे लागतेत." आठवडाभर सिरसाळ्याला दुसरी करमणूक लागली नाही.

आपल्याकडं नव्या गाडीला हार घातला, की पहिला प्रश्न ॲव्हरेजचा. एकरी उतारा, पोराचा पगार आणि गाडीचं ॲव्हरेज हे तीन आकडे जरा चढवून सांगायचे असतात. ऐकणारा ते मनातल्या मनात उतरवून घेतो, आणि कुणाचं काही बिघडत नाही. डिझेल मध्येच संपलं तरी पुढच्या गावात पंप असतो. कंपनीच्या पुस्तकात तीनशे बारा किलोमीटर छापलं होतं. कल्याणरावांनी वरचे बारा सोडून तीनशे सांगायला सुरुवात केली. हे बारा सोडणं म्हणजे प्रामाणिकपणा, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

खरा आकडा त्यांना पुढच्या मे महिन्यात कळला. आधी परळीला वैजनाथाचं दर्शन घेऊन मग शिवगंगाबाईंच्या भावाकडं छत्रपती संभाजीनगरला निघाले होते. गेवराईनंतर एसी बंद करावा लागला. ताशी पंचेचाळीसनं जाताना उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरनंही हॉर्न मारून त्यांना मागं टाकलं. शेवटी पाचोडच्या एका हॉटेलात चार्जिंगच्या मशीनला गाडी लावून दोन तास बसले. तीन चहा झाले, आणि नको असलेली एक मिसळ. शिवगंगाबाई ओला रुमाल डोक्यावर घेऊन एका अक्षरानं बोलल्या नाहीत. मेव्हण्याच्या दारात उतरल्या उतरल्या कल्याणराव म्हणाले, "एका चार्जिंगला आलो. पाचोडला फक्त चहाला थांबलतो." चहाचं खरं होतं.

उन्हाळ्यात, एसी लावून, घरची माणसं बसवून, एकशे नव्वद. जगात हा आकडा दोघांना ठाऊक होता आणि त्यातल्या एकीनं तोंड मिटलं होतं. बाकी गाडी उत्तम होती. दर सोमवारी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जायची, जाऊन-येऊन पन्नासच्या आत. तीनशेची परीक्षा घ्यायची वेळच येत नव्हती.

ती घाटनांदूरच्या राधाकिशनवर आली. राधाकिशनची पिठाची गिरणी. घरी दोन म्हशी, आणि त्यांची ढेप बारा वर्षं कल्याणरावांकडूनच. जुनी डिझेल जीप रोज काही ना काही मागायला लागली, तेव्हा तो दुकानात येऊन बाकड्यावर बसला.

"अप्पा, जीप काढतो म्हणतो. तुमच्यासारखी घ्यावी. जीप इकून वर लई घालावे लागतेत, म्हणून इचारतो. खरं सांगा, तीनशे देती का?"

खरं सांगा असं तो म्हणाला होता. वेळ चांगली होती. पण बंकट कपबश्या न्यायला आला होता आणि न नेता उभा होता.

"देती," कल्याणराव म्हणाले. आणि नुसतं 'देती' हलकं वाटलं म्हणून की काय, वर घातलं, "मीटरवर उरलेले किलोमीटर दाखवतंय, ते घाबरट असतंय. त्याच्याकडं बघायचं न्हाई."

राधाकिशननं जीप विकली आणि मोटार घेतली. महिन्याभरात त्याच्या मुलीची, वैष्णवीची, नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा आली. केंद्र संभाजीनगर. साडेअकराला गेट बंद. घाटनांदूरहून सव्वादोनशेच्या वर किलोमीटर. घरच्या गाडीत पहिल्यांदाच लांब जायचं म्हणून आई विमलबाईही दशम्या बांधून निघाल्या. सकाळी सहाला शंभर टक्के चार्जिंग होतं. आडूळच्या अलीकडं सव्वादहाला गाडी रस्त्याच्या कडेला गप उभी राहिली. विमलबाई गाडीपाशी थांबल्या. बाप-लेकीला बऱ्याच वेळानं कोबीचा एक टेम्पो मिळाला. ते केंद्रावर पोहोचले तेव्हा बारा वाजायला दहा कमी होते. पहारेकरी भला माणूस होता, त्यानं प्यायला पाणी दिलं. गेट दिलं नाही.

ही हकिगत बाजारात आली तेव्हा कल्याणराव ढेप मोजत होते. त्यांनी ते पोतं तीनदा मोजलं. मग दुकान सोडून घरी गेले. त्या दिवसापासून त्यांनी हॉटेलात बसणं बंद केलं. बंकटनं हाक मारली तर पोट बरं नाही म्हणायचे. राधाकिशन कधीतरी येणार आणि चारचौघांत आपली अब्रू काढणार, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. त्याची त्यांना जवळजवळ ओढ लागली होती.

नवव्या दिवशी राधाकिशन आला. पायात चप्पल नव्हती.

"अप्पा, तुमीच बघा आता. माझं पायाचं कायतरी चुकतंय," तो म्हणाला. "जीपची सवय, पाय जड पडतो. चप्पल काढून चालवाया लागलो तरी दोनशेच्या वर जाईना. तुमी तीनशे कशी काढता, तेवढं दाखवा. पुढच्या साली पोरीला पुन्हा न्यायचंय."

शिव्या द्यायला आलेल्या माणसाला काय म्हणायचं, हे कल्याणरावांनी आठ दिवस घोकून ठेवलं होतं. शिकायला आलेल्या माणसासाठी त्यांच्याकडं काहीच नव्हतं. म्हणून ते गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि माजलगावच्या रस्त्यावर तासभर त्यांनी त्याला शिकवलं. "पाय हलका ठेवा... असा... आता सोडा." राधाकिशन शाळेतल्या मुलासारखा मान हलवत होता. परत आल्यावर त्यानं डिकीतून दोन किलोचा तुपाचा डबा काढला. म्हशीचं तूप, घरचं. "इद्या फुकट घेऊ न्हाई," म्हणाला आणि अनवाणीच गाडीत बसून गेला.

डबा स्वयंपाकघरात गेला. शिवगंगाबाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि पुन्हा लावलं.

"पोरगी घरी बसली, आन तुमी तूप घिऊन आलात," त्या म्हणाल्या. वर्षभरात या विषयावरचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"मी मागितलं का?"

"पाचोडची मिसळ मी इसरले न्हाई. तुमी इसरला असाल."

दुसऱ्या दिवशी कल्याणराव डबा घेऊन घाटनांदूरला गेले. बोलायचं ते एकट्यात बोलायचं, असं ठरवून गेले होते. पण गिरणी जोरात चालू होती, आणि पाच-सहा बायका डबे घेऊन रांगेत बसल्या होत्या. राधाकिशनच्या भुवयांपर्यंत पीठ बसलेलं. कल्याणराव त्याच्या कानाशी जाऊन बोलले. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा बोलले. त्यानं आदरानं गिरणीच बंद केली.

पट्टा फडफडत थांबला. एकदम शांत झालं. सगळ्या बायका कल्याणरावांकडं बघायला लागल्या.

"एकशे नव्वद," ते म्हणाले.

"काय एकशे नव्वद?"

"माझी गाडी. माझी बी एकशे नव्वदच देती. पयल्यापासून."

राधाकिशननं आधी स्वतःच्या पायाकडं पाहिलं. "म्हंजे माझा पाय..."

"पाय चांगला हाय तुमचा."

"आन ते काल शिकवलं?"

कल्याणरावांनी तुपाचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

"कावून सांगितलं न्हाई, अप्पा?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी बसलो असतो की गेवराईला तासभर. तिथं मशीन होती. मी घेतलीच असती गाडी, एकशे नव्वदची. मला कुटं रोज संभाजीनगरला जायचंय?"

हे कल्याणरावांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. एकशे नव्वदचीही गाडी माणूस घेतो. त्याला कुठं थांबायचं ते माहीत असावं लागतं, एवढंच.

"लोकं हसत होती," ते म्हणाले. तोंडातून बाहेर पडल्यावर ते फारच कमी वाटलं.

रांगेतल्या ताराबाईंनी पदर तोंडाला लावला. हसायला की कशाला, ते कळलं नाही.

वैष्णवी घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनं पाहुण्याला पेला भरून दिला. तो त्यांच्या हातात येईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "काका, गेवराईला एकतीस टक्के राहिलं होतं. सत्तरबी किलोमीटर दाखवत नव्हतं. मी पप्पांला म्हणले, थांबू. मशीन समोरच होती." ती बापाकडं बघत नव्हती. "पप्पा म्हणले, कल्याणअप्पा खोटं बोलणार न्हाईत. त्यांचा काटा बग."

कल्याणरावांनी पाणी प्यायलं.

"पुढच्या साली मी नेतो तुला," ते म्हणाले. "आदल्या दिवशीच नेतो. माझ्या मेव्हण्याकडं मुक्काम करू."

"नको काका. एसटी हाय," ती म्हणाली आणि पेला घेऊन आत गेली.

त्यांनी डबा पुढं केला. विमलबाई दारातूनच म्हणाल्या, "दिलेलं माघारी घेत न्हाईत आमी." राधाकिशननं खटका दाबला. गिरणी सुरू झाली आणि बोलण्याची सोय संपली. कल्याणरावांनी डबा पुन्हा काखेत मारला. मग कपड्यांवर पीठ घेऊन निघाले.

दुपारी ते जेवायला बसले. काय झालं ते समजायला शिवगंगाबाईंना परत आलेला डबाच पुरेसा होता. गरम भाकरी ताटात पडली. मग डब्याचं झाकण निघालं आणि भाकरीवर तुपाचा मोठा गोळा आला.

"नको मला," कल्याणराव म्हणाले.

"खावा. तुमालाच दिलंय."

तूप चांगलं होतं, रवाळ, कढवून नुकतंच गाळलेलं. कल्याणराव मान खाली घालून सगळी भाकरी जेवले.