विहिरीचं गोड पाणी

आमच्या नगरच्या कॉलेजात डॉक्टरेटवाले पुष्कळ, पण पडदा ओतावा तो गोरक्षनाथांनीच. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, शिक्षण नववी. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलमध्ये कागदासारखा पातळ पडदा लागतो. राहुरीची ज्ञानेश्वरी पीएच.डी.साठी पॉलिमरमध्ये सिलिकाची पूड मिसळून तो स्वस्तात करू पाहत होती. मिश्रण तिचं, ते काचेवर ओतणारा हात गोरक्षनाथांचा. काचेखाली लग्नपत्रिकांचे तुकडे सारून ते ती अशी समपातळीत आणत, की पडद्यात एक बुडबुडा सापडायचा नाही. मी तिथलाच कारकून. चहाच्या निमित्ताने बघत बसायचो.

पडदे डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवावे लागतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत डीपी जळाला, चार दिवस वीज नाही, डिस्टिल्ड पाणी संपलं. नगरचं बोअरचं पाणी खारं, म्हणून गोरक्षनाथ रोज गावाकडून विहिरीच्या पाण्याचा कॅन आणत. अख्खा विभाग ते पिऊन वाहवा करायचा. तेच त्यांनी पडद्यांवर ओतलं. आपल्याकडचं चांगल्यातलं चांगलं दिलं हो माणसानं!

आठवड्याने पुण्यात चाचणी होती. ती जमली तरच घरचे ज्ञानेश्वरीला पुढे शिकू देणार होते. वीज निम्मीही निघाली नाही. "माझं सूत्रच चुकलं," म्हणून पोरगी रडली आणि पीएच.डी. सोडून घरी गेली. गोरक्षनाथांना पाण्याची शंका आली होती, पण निवृत्तीला तीन महिने उरलेले. त्यांनी फक्त मला सांगितलं. मी मोठा शहाणा! म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची." त्याबद्दल मी आजही स्वतःला शिव्या घालतो.

निवृत्त झाल्यावर ते मला घेऊन राहुरीला गेले. ज्ञानेश्वरी घरी शिकवण्या घेत होती.

"ताई, पडद्यांवर मी हिरीचं पानी वतलं हुतं. लई भ्यालो. बोललो न्हाई."

ती फळा पुसायला लागली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"पाण्यातले क्षार बसले असणार, काका. पण पडदे खराब नव्हते झाले. पातळ ॲसिडमध्ये तासभर उकळले की झाले असते पहिल्यासारखे."

"मंग आता उकळू की! कुठं हायती?"

"टाकून दिले. सूत्राच्या वह्यासुद्धा जाळल्या."

गोरक्षनाथ पोरांच्या सतरंजीवर मटकन बसले. उठवायला मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही.