व्हॅनचा कोंडलेला श्वास

लाटंबार्से गावच्या कृष्णनाथ मेस्तांचा कान एके काळी गोव्यातल्या सगळ्या डिचोली तालुक्यात गाजलेला. खाणीवरच्या वर्कशॉपात त्यांनी पंचवीस वर्षं काढली. ट्रक फाटकातून आत शिरला की हे लांबूनच सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ढिला झालाय, आणि झाकण उघडलं की नेमकं तसंच निघायचं! त्याच खाणीच्या यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले. एकोणीसशे पंच्याण्णव साली त्यांनी घरापुढे पत्र्याची शेड घालून स्वतःचं गॅरेज मांडलं, तेव्हा समोरच्याचा अर्धा शब्दही त्यांना धड ऐकू येत नव्हता.

पण हे कबूल करतील तर ते कृष्णनाथ कसले? गिऱ्हाईक बोलायचं आणि हे त्याच्या ओठांकडे बघत मान डोलवायचे. एकदा नको तिथे डोलावली. जयराम नावाच्या गिऱ्हाइकाने मिशीतल्या मिशीत विचारलं की, जीप अजून खडखडते, तशीच नेऊ का? मेस्तांनी ऐटीत मान हलवली. जीप साळ गावच्या वाटेवर बंद पडली आणि मेस्तांचा कान गेल्याची बातमी मात्र न थांबता गावोगाव पोचली. त्यानंतर वर्षभर शेडमध्ये पंक्चरशिवाय दुसरं काम आलं नाही. आपण मेकॅनिक राहिलो की नुसते पंक्चरवाले झालो, या एका प्रश्नाने त्यांना जेवण गोड लागेना. बायको प्रभावती रोज ताटातला उरलेला भात बघायची.

नोव्हेंबरात त्यांचा भाचा दत्ताराम आला, तोही पंक्चर काढायलाच. मांद्रे किनाऱ्यावरच्या गेस्टहाउसांची भाडी मारणारी त्याची व्हॅन तेल पीत होती, निळा धूर सोडत होती. शहरातल्या गॅरेजवाल्याने निदान करून टाकलं होतं की इंजिन खोलावं लागेल, पंधरा दिवस तरी जातील. उद्या सकाळी गाडी तिथे लावायची होती. ऐन सीझनचे पंधरा दिवस! दत्ताराम चेहरा पाडून बसला होता. मामाला त्याने यातलं काही विचारलंसुद्धा नाही.

मेस्तांचे कान गेले होते, डोळे शाबूत होते. चाक लावताना त्यांना इंजिनाखाली तेल ठिबकताना दिसलं. त्यांनी न विचारता पुढची सीट उचलली, कारण या व्हॅनचं इंजिन सीटखालीच असतं. बघतात तो तेल मोजायची पट्टी नळीतून दोन बोटं वर आलेली! त्यांनी ती दाबून बसवली आणि खुणेने गाडी चालू करायला सांगितली. पट्टी त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा वर सरकली. मेस्तांच्या अंगात वारं शिरलं. आत काहीतरी कोंडलंय! त्यांनी एकेक नळी चाचपली, आणि एअर फिल्टरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात त्यांना फेणीच्या बाटलीचं बूच सापडलं.

दत्ताराम ओशाळला. त्या नळीतून फिल्टरात तेल येत होतं म्हणून त्यानेच ते ठोकलं होतं.

मेस्त गरजले, "दत्ता, काजूचो रोस आंबता तेन्ना मडक्याचें तोंड कोण घट्ट बांदता रे?"

तीन पिढ्या काजूफेणीची भट्टी लावणाऱ्या घरातला मुलगा तो, आंबत्या रसाचं तोंड बांधलं की मडकं फुटतं हे त्याला ठाऊक. त्याला पुढचं सांगायची गरजच उरली नाही, तरी मेस्तांनी ते हातवारे करकरून सांगितलं. पेट्रोल जळताना थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरतो. तो बाहेर काढायला अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह असतो. इंजिन आपल्याच ओढीने त्यातून तो वायू खेचून घेतं आणि पुन्हा जाळून टाकतं. व्हॉल्व्ह काजळीने चिकटला की वायू उलटा फिरतो आणि फिल्टरात तेल ओकतो. दत्तारामने ती ओकायची वाटसुद्धा बंद केली होती. मग तेल सीलमधून नाही फुटणार तर काय करणार बिचारं!

त्यांनी व्हॉल्व्ह उपसून काढला. चांगला व्हॉल्व्ह हलवला की खुळखुळतो, चिकटलेला मुका राहतो. आता आली पंचाईत! मेस्तांनी तो फडक्याने लख्ख पुसला, दातांत धरला आणि जोरजोराने मान हलवली. मामाच्या डोक्यावर परिणाम झाला असं दत्तारामला वाटलं. मेस्तांच्या दातांना मात्र काहीच हललेलं कळलं नाही. व्हॉल्व्ह मेलेला होता.

दोघं बसने डिचोलीला गेले. दुकानदाराने नवा व्हॉल्व्ह पुढे केला, तोही मेस्तांनी तिथेच दातांत धरला. आतली बारीक खुळखुळ दातांतून थेट टाळूपर्यंत गेली आणि त्यांचे डोळे भरून आले. दुकानदार पुडी बांधायची विसरून बघत राहिला.

परतल्यावर त्यांनी नळ्या पेट्रोलने धुतल्या, नवा व्हॉल्व्ह घट्ट बसवला, तेल बदललं आणि गाडी चालू करायला लावली. मग तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण काढून तिथे कॅलेंडरचा कागद ठेवला. कागद चटकन आत ओढला जाऊन तोंडाला चिकटला! पट्टी जागची हलली नाही, आणि बघता बघता धूरही विरळ झाला. मेस्तांनी प्रभावतीला स्वयंपाकघरातून हाताला धरून आणलं आणि तो चिकटलेला कागद दाखवला. त्यांना आनंद मावेना.

दत्तारामने सवयीने विचारलं, "मामा, आवाज बरोबर आसा मूं?"

मेस्तांनी त्याचे ओठ वाचले. मान डोलायला लागली होती, ती त्यांनी मध्येच थांबवली.

"माका आयकूक येना, दत्ता," ते म्हणाले. "तू आयक आनी माका सांग."

प्रभावतीने तोंडाला पदर लावला. दत्तारामने इंजिनाजवळ वाकून बराच वेळ कान दिला. मग मामासमोर येऊन, ओठ नीट दिसतील असा उभा राहून तो म्हणाला, "एकसारकें चलता, मामा. कांयच खडखडना."

मेस्तांना सगळं कळलं होतं, तरी त्यांनी ते त्याला आणखी एकदा म्हणायला लावलं.