बिनसनदेची करुणा

शेंद्र्याच्या त्या कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवरच्या बाईला संडासला जायचं असलं, तर हातात टोकन लागायचं. अख्ख्या लाइनीला एकच टोकन. एक बाई परत आल्याशिवाय दुसरीनं उठायचं नाही. आवडाबाईला शुगर होती. त्या दिवशी तिनं पुन्हा पुन्हा हात वर केला, पण टोकन बाहेर होतं. शेवटी ती पोक्त बाई सगळ्यांसमोर उभ्या जागी ओली झाली.

"जा, घरी जा आधी!" सुपरवायझर इंद्रजीत लांबूनच ओरडला.

आवडाबाईनं तोंडावर पदर घेतला आणि ती गेटाकडं चालू लागली. तिच्या शेजारी काम करणाऱ्या करुणा हिवराळेनं मशीन बंद केलं, परत आलेल्या बाईच्या हातातून टोकन घेतलं आणि कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडच्या नाल्यात भिरकावून दिलं.

दोघींनाही कामावरून काढलं. करुणाला बेशिस्तीसाठी, आणि आवडाबाईला परवानगीशिवाय काम सोडून गेली म्हणून. इंद्रजीतनं आपण घरी जायला सांगितलंच नाही, असा जबाब दिला.

युनियननं दोघींचं प्रकरण कामगार न्यायालयात नेलं. करुणा नववीपर्यंत शिकलेली. पण ती युनियनची सचिव होती, आणि कामगार न्यायालयात युनियनच्या पदाधिकाऱ्याला कामगाराची बाजू मांडता येते. उलट कंपनीला वकील द्यायचा, तर समोरच्याची संमती लागते, कोर्टाची परवानगी लागते. हे कळल्यावर करुणा घरी एकटीच हसली होती. कंपनीनं तात्यासाहेब औताडे यांना उभं केलं. शहरात त्यांच्या नावाला वजन होतं. करुणा उठली आणि म्हणाली, "माझी संमती नाय."

बाहेर व्हरांड्यात तात्यासाहेबांनी तिला थांबवलं. चिडलेले नव्हते, उलट काळजीनं बोलत होते.

"बाई, माझे केस या कामात पिकलेत. तुमच्या भरवशावर त्या आवडाबाईंची नोकरी आहे. ऑपरेशनला कुणी कंपाउंडर उभा करतं का?"

"साहेब, ज्यांचं पोट फाडायचंय त्यात मीबी हाये. आन् इथं कायद्यानं मला उभं केलंय. तुम्हालाच मला इचारावं लागतंय, त्याला मी काय करू?"

मग कंपनीचा स्वतःचा अधिकारी केस चालवू लागला. तात्यासाहेब मागच्या बाकावर बसून त्याला सांगत. करुणा पुस्तकं वाचायची, जुन्या कार्यकर्त्यांना विचारायची, घरी आरशासमोर उभी राहून उलटतपासणीचे प्रश्न म्हणायची. आणि इतकं करूनही ती चुकली.

इंद्रजीत साक्षीला उभा होता. आवडाबाईचं नाव निघताच त्याच्या ओठावर बारीक हसू आलं. करुणाचं डोकं फिरलं. "आवडाबाई लाइन सोडून निघून गेली, तवा तुम्हाला लाज नाय वाटली का?" तिनं विचारलं.

मागच्या बाकावर तात्यासाहेबांनी डोळे मिटले. प्रश्न संपता संपता करुणालाही कळलं. आवडाबाईला इंद्रजीतनं घरी पाठवलं, हीच तर युनियनची बाजू होती. ती आपणहून निघून गेली, हे आता करुणाच्याच तोंडून नोंदलं गेलं होतं.

निकाल लागला. करुणाची नोकरी परत मिळाली. आवडाबाईची बडतर्फी कायम राहिली.

त्या संध्याकाळी करुणा आवडाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. "मावशी, तुमचं वाटोळं मी केलं. माझ्या जिभेनं."

आवडाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "केलंस खरं. लई राग आलाय मला तुझा. पण वर कोर्ट हाय म्हणतेत ना? तिथं चल."

वर म्हणजे उच्च न्यायालयाचं खंडपीठ. तिथं वकिलीची सनद नसलेल्याला दुसऱ्याची बाजू मांडायची, तर न्यायमूर्तींची खास परवानगी लागते. तिथं करुणानं अर्ज केला. या वेळी कंपनीकडून तात्यासाहेब पुऱ्या हक्कानं उभे होते आणि त्यांनी कडाडून विरोध केला.

"याच बाईंनी खालच्या कोर्टात आवडाबाईंचं प्रकरण बिघडवलं. वकील चुकला तर त्याच्याविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, त्याची सनद जाऊ शकते. यांच्या चुकीची दाद कुठं मागायची?"

न्यायमूर्तींनी करुणाकडं पाहिलं. ती उठली आणि खणखणीत आवाजात बोलली.

"बिघडवलं, साहेब. खरंय ते. मावशी माझ्याच गल्लीत राहत्यात. रोज पाणी भरताना मला त्यांच्यासमोर उभं राहावं लागतं. पण तात्यासाहेबांचंबी बरोबर हाय, एवढ्यावर भागत नाय. मग माझी परीक्षा घ्या. काय यायला पायजे ते सांगा, आलं नाय तर हाकला. माझंबी नाव लिहून ठेवा, चुकले तर खोडून टाका. फकस्त कॉलेजात गेले नाय म्हणून दार लावू नका. आमच्यातल्या कितीजणींना कॉलेजात जाता येतं?"

"आवडाबाई, तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो," न्यायमूर्ती म्हणाले. "चांगला मिळेल."

आवडाबाई उठली. "साहेब, वकिलाला मला ते सगळं पुन्यांदा सांगावं लागंल. ती तवा माझ्या शेजारीच उभी होती, तिला सांगावं लागत नाय. आता ती चुकणार नाय असं मी म्हणत नाय. पण मला तीच पायजे."

न्यायमूर्तींनी बराच वेळ लिहिलं. मग या एका प्रकरणापुरती परवानगी दिली.

सुनावणीच्या दिवशी करुणा थोडकंच बोलली. ओल्या लुगड्यानं उभी राहिलेली बाई घरी जाते, त्याला काम सोडणं म्हणायचं का, आणि तिला त्या हालतीत आणलं कुणी, एवढंच तिनं विचारलं. तात्यासाहेबांनी आपली बाजू नेटानं मांडली. न्यायमूर्तींनीही तिला मध्येच दोनदा अडवलं, एकदा तर तिला उत्तर सापडलं नाही आणि तिनं तसं सांगून टाकलं. पण बडतर्फी रद्द झाली. आवडाबाई पुन्हा लाइनीवर रुजू झाली. नवं टोकन काही कुणी आणलं नाही.

बाहेर तात्यासाहेब म्हणाले, "बाई, तुमच्यात धमक आहे. दहावी, बारावी करा. मग वकिलीचं शिकून रीतसर सनद घ्या. मी पुस्तकं देतो."

"पुस्तकं द्या, साहेब. वाचीन." करुणानं पिशवी खांद्याला लावली. "पण सनद मिळस्तोवर तोंड बंद ठेवायचं असंल, तर ते मला जमायचं नाय."

आता दुसऱ्या कारखान्यांतल्या बायाही युनियनच्या खोलीवर येतात. परवा वाळूजकडच्या तिघीचौघी आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत करुणानं हात वर केला.

"मी वकील नाय. एका बाईची नोकरी माझ्या एका प्रश्नानं गेली होती. ते आधी ऐका, मग मला ठेवायचं का नाय ते ठरवा."

तिनं सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. एक उठून गेली. बाकीच्या चटईवर जरा पुढं सरकून बसल्या.

"व्हय, आता बोला," करुणा म्हणाली.