खालाची ओढणी

लखनौचं नाव काढलं की आमच्या साताऱ्याच्या नातेवाइकांचे चेहरे पडायचे. बँकेने बाबांना बदलीवर नाही, काळ्या पाण्यावर पाठवलंय, असंच त्यांना वाटे. सत्तरच्या दशकात आम्ही तिकडे गेलो तेव्हा मी शाळेत होते. दर मे महिन्यात गावी गेलं की तेच प्रश्न. तिकडे भाजी मिळते का? पोरी एकट्या बाहेर पडतात का? तुला तिथे आवडतं का, हे मात्र कुणीही विचारलं नाही. मला आवडायचं. चौक भागातल्या गल्लीत वरच्या मजल्यावरचं आमचं भाड्याचं घर आवडायचं, आणि थंडीत सकाळी द्रोणातून मिळणारी फेसाळ मक्खन-मलाईही.

गल्लीतले लोकही लखनौला नावं ठेवायचे. आमची घरमालकीण खाली राहायची, तिला आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. ‘यहाँ क्या रखा है, बहनजी,’ असं ती आईला रोज ऐकवायची, आणि कानपूरला लेकीकडे राहायला गेली की आठवडाही न काढता परत यायची. तिच्या तोंडून ते ऐकताना मला राग येत नसे. सातारकरांचा यायचा.

खाला चिकनचं, म्हणजे तलम कापडावर पांढऱ्या दोऱ्याचं, भरतकाम करायची. मी बीए झाले त्या हिवाळ्यात ती धाकट्या मुलीच्या लग्नासाठी पांढरी ओढणी भरत होती. तिला नीट दिसत नसे, म्हणून सुईत दोरा मीच ओवून द्यायचे.

त्याच सुमारास पुण्याचं एक स्थळ सांगून आलं. मुलाचं दिल्लीला काम होतं, तेव्हा तिथून वाट वाकडी करून मुलगा आणि त्याची आई मला बघायला आले. पोहे झाले, प्रश्न झाले. मग बाईंना चिकनकाम बघायची हौस आली, म्हणून आई आणि मी त्यांना खाली घेऊन गेलो. खालाने सरबत पुढे केलं. बाई म्हणाल्या, ‘मेरा उपास है.’ माझ्या हातचे पोहे खाऊन त्यांना अर्धा तासही झाला नव्हता.

ओढणी समोरच होती. बाईंनी ती उचलली, ‘बहुत सुंदर’ म्हणाल्या. खाला म्हणाली, ‘आप ही का है.’

आमच्या गल्लीत कुणी वस्तूची तारीफ केली की धनी असंच म्हणतो. समोरच्याने ती डोळ्यांना लावायची, ‘आपको मुबारक’ म्हणायचं आणि परत द्यायची. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. बाईंनी घडी घालून ओढणी पिशवीत टाकली. खालाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. उलट मळू नये म्हणून तिने वर्तमानपत्राचा कागद दिला. मी काही बोलणार तोच आईने माझा दंड दाबला.

वर आल्यावर बाई मुलाला म्हणाल्या, ‘भोळसट असतात रे इकडचे लोक. मागावंसुद्धा लागत नाही.’ मग आईकडे वळल्या. ‘मुलगी पसंत आहे आम्हाला. नशीब काढलं हो, सुटेल या गावातून.’

‘मला सुटायचं नाहीये,’ मी म्हणाले. ‘आणि ती ओढणी खालाच्या मुलीच्या लग्नाची आहे. द्यायची नव्हती, म्हणायची रीत आहे. परत द्या.’

‘मनात नव्हतं तर म्हणायचं कशाला? आमच्यात असं खोटं बोलत नाहीत.’

‘मग पोहे खाऊन उपास सांगतात, ते काय असतं?’

बाबा छताकडे बघत राहिले. पिशवी उघडली, ओढणी टेबलावर आली, आणि पाहुणे चहासाठीही थांबले नाहीत. आई रडायला लागली.

ओढणी घेऊन मी ताठ मानेने खाली गेले. खालाने तिला हातसुद्धा लावला नाही. ‘दी हुई चीज़ वापस नहीं ली जाती, बिटिया. तुमने हमारी बात छोटी कर दी.’

‘वो तो बस कहने की बात थी, खाला.’

‘कहा था, तो दिया था. अब तुम ले आई हो, तो तुम्हारा हुआ. बेटी के लिए दूसरा बना लेंगे.’

मला तिचाही राग आला. पण तिने दुसऱ्याच दिवशी नवं कापड काढलं, आणि मी दोरा ओवायला बसले.

साताऱ्याला बातमी पोचली. काका म्हणाले, पोरगी पार लखनौची झाली. ही त्यांनी मला दिलेली एकमेव शाबासकी.

पुढच्या स्थळाच्या वेळी आईने साडी काढून ठेवली होती. मी सलवार-कुर्ता घातला आणि तीच ओढणी घेऊन बसले. ही मंडळी नागपूरची, मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत. मुलाची आई ओढणीकडे बघून म्हणाली, ‘काय सुरेख काम आहे गं.’

‘तुमचीच आहे,’ मी म्हणाले, आणि गेली तर गेली अशी तयारी ठेवून म्हणाले.

बाईंनी टाक्यांवरून बोटं फिरवली, मग ओढणी माझ्या खांद्यावर नीट बसवली. ‘नको गं,’ त्या म्हणाल्या, ‘तुलाच शोभते.’

मी होकार दिला. अट एकच घातली. बदली मुलाने मागून घ्यायची, लखनौला.