मागच्या खुर्चीतला सॅक्सोफोन

बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारे शेजारचे पीटरकाका गेले. पुढच्या आठवड्यात मी मरीनाकाकूंना भेटायला गेलो, तेव्हा जाझची जुनी रेकॉर्ड चालू होती. काकांचे बँडमधले सोबती टोनी समोर बसले होते.

बॅरिटोनचा आवाज जाड, म्हणून रेकॉर्डिंगला काकांना माइकपासून सर्वांत लांब बसवत. आयुष्यभर वाजवूनही ते रेकॉर्डवर वेगळे ऐकू येत नाहीत. बाकीचे सूर त्यांच्या सुरावर उभे असतात, एवढंच.

मधेच एक सॅक्सोफोन एकटा वाजू लागला.

“हा आमचा,” काकू म्हणाल्या. “हो ना हो, टोनी?”

तो हलक्या आवाजाचा टेनर सॅक्सोफोन होता आणि वाजवणारे टोनीच होते.

“त्याच्याशिवाय कोण, वहिनी,” टोनी म्हणाले. “आम्हाला कुठे वाजवू द्यायचा तो.”

काकू हसल्या नाहीत. त्यांनी सुई उचलून पुन्हा तो एकटा सॅक्सोफोन सुरू होतो तिथे ठेवली.