अंदाजपत्रकात चिंच नव्हती

राष्ट्र कशावर उभे राहते, हा प्रश्न पन्नासच्या दशकात आमच्या वर्धा जिल्ह्यात फार गांभीर्याने विचारला जात असे. कोणी चारित्र्यावर म्हणे, कोणी श्रमावर, कोणी खादीवर. या बाबतीत मला थोडी प्रत्यक्ष माहिती आहे. हिंगणीच्या पुढे जंगलाच्या काठाला एक सरकारी विश्रामगृह होते. तिथे येणारे पाहुणे ज्यावर उभे राहून हे सगळे सांगत, तो एकवीस सागवानी फळ्यांचा ओटा होता आणि त्याला डांबर फासलेले होते.

ओटा इंग्रजांच्या वेळचा. बंगल्यासमोर, उघड्यावर, जमिनीपासून दोन हात उंच. कोणा गोऱ्या अधिकाऱ्याला झाडे बघत चहा पिण्याची हौस असावी. तो गेला, चहा गेला, आणि ओटा आमच्या खात्याकडे आला. आमच्या खात्याने त्यावर एकदा डांबर लावले, मग हिरवा रंग लावला, मग हिरव्यावर पुन्हा डांबर. मी तेव्हा खात्याच्या कचेरीत सर्वांत कनिष्ठ कारकून होतो. मुंबईहून एक मंत्री येणार, जवळच कसलीशी कोनशिला बसवणार आणि ओट्यावरून लोकांशी बोलणार असे ठरले, तेव्हा साहेबांनी हुकूम काढला की ओट्याचे मूळ लाकूड दिसले पाहिजे. देखरेखीला मला पाठवले, कारण कचेरीत माझ्यावाचून काही अडत नव्हते.

काम करायला दोघे होते. एक हिंगणीचे म्हातारे सुतार, त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. दुसरा रोजंदारीचा गडी, चाळिशीचा, शेजारच्याच गावचा. आदल्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध झाला होता. विश्रामगृहाच्या चौकीदाराची जागा काही महिन्यांपासून रिकामी होती. कायमची नोकरी, मागे कौलारू खोली, आवारातच विहीर. साहेब त्याला म्हणाले होते, "ओटा नीट कर, मग बघू." साहेबांनी हे किती सहज म्हटले होते ते मला ठाऊक होते. त्याने किती मनावर घेतले होते तेही दिसत होते. त्याच्या गावात त्यांच्या वस्तीला पाण्यासाठी तासभर ताटकळावे लागे, कोणीतरी वरून ओतेपर्यंत. त्या आवारातल्या विहिरीकडे तो दिवसातून चारदा जाऊन नुसता डोकावून येई.

पहिल्या सकाळी तो जमिनीवर उभा राहून, हात पोचेल तेवढ्याच फळ्या खरवडू लागला. मिस्त्री वर बसले होते. त्यांनी थोडा वेळ पाहिले.

"काऊन रे, खालून किती खरवडशीन? मधातल्या फळ्या काय मंत्री खरवडीन?"

"या पायरीवर आमचे बाप कधी चढले नाई, मिस्त्री."

"तुहे बाप डांबर काढाले आले होते काय? ये वर."

तो चपला काढून वर आला. मिस्त्री जरा सरकून बसले. सरकले ते जागा करायला की अंतर ठेवायला, हे मला त्या दिवशी कळले नाही. चौथ्या दिवसापासून दोघे एकाच चंचीतली तंबाखू खात होते, त्यामुळे पुढे मी तो विचार सोडून दिला.

डांबर काढायचे ते पहाटेच्या गारव्यात. तेव्हा ते कडक असते आणि पत्र्याच्या धारेने खपल्या उडतात. दहानंतर ऊन चढले की तेच डांबर मऊ होऊन हाताला, पायाला, विडीला चिकटते. हिरव्या रंगाचा इलाज मिस्त्रींनी वेगळा काढला. भाजलेला चुना आणि धुण्याचा सोडा पाण्यात कालवून लापशीसारखे करायचे, फळ्यांवर थापायचे आणि दिवसभर ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायचे. संध्याकाळी रंग सालीसारखा सुटे. दोघांच्या बोटांची कातडीही सुटे. मग पाण्याने धुवायचे आणि फुटक्या काचेच्या कडेने तासून काढायचे. काच लाकडावरून अशी अलगद चाले की खाली केसाएवढे बारीक, गुलाबीसर भुस्कट पडे. बारा दिवसांनी साग दिसला. मधासारखा रंग, त्यात गडद रेघा. मी काही लाकडाचा भोक्ता नव्हे, पण त्या दिवशी मीही चपला काढून चढलो.

"आता चिंचेच्या पान्यानं धुवा लागते," मिस्त्री म्हणाले. "चुन्याचा खार फटीत बसला असन, तो मराले पायजे."

मी अंदाजपत्रक काढून पाहिले. त्यात चुना होता, सोडा होता, जवसाचे तेल होते. चिंच नव्हती. मी तसे सांगितले. मिस्त्रींनी माझ्याकडे, मग अंदाजपत्रकाकडे पाहिले आणि आपली हत्यारे आवरून ते घरी गेले. त्यांचे काम झाले होते.

तेल लावायचे काम गड्याचे. आमच्याकडे जवस घरोघर, त्यामुळे तेलाला तोटा नव्हता. त्याने ते मडक्यात कोमट केले आणि मला विचारले, "बाबूजी, यात हळद टाकू का जी? पोयाच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले लावतो तशी. सोलून सोलून पार आंग निघालं बिचाऱ्या लाकडाचं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी, वर्षभर जू वाहून सोललेला बैलाचा खांदा हळद आणि लोणी लावून पळसाच्या पानाने शेकतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. मला शिवाय आणखी एक माहीत होते. हळदीने किडा लागत नाही, असे मी कुठेतरी वाचले होते. वाचलेल्या माणसाने नाही कसे म्हणायचे? मी मान हलवली. त्याने घरून आणलेली हळद सढळ हाताने टाकली, पळसाची पाने जुळवून त्यांची घडी केली आणि एकेक फळी अशी चोळली की जणू ती उद्या नांगराला जुंपायची होती.

सकाळी ओटा पिवळाधमक होता. एवढेच असते तरी निभावले असते. पण फळ्यांच्या सगळ्या फटींतून, जिथे जिथे चुन्याचा खार उरला होता तिथे, हळद लाल झाली होती. गर्द लाल, कुंकवासारखी. ज्या बाईने घरी हळदीत चुना कालवून पाहिला आहे तिला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. मी आणि तो, दोघेही बायका नव्हतो.

नऊच्या सुमाराला मोळीवाल्या बाया जंगलातून परत येत होत्या. त्यांनी ओटा पाहिला, मोळ्या खाली ठेवल्या आणि नमस्कार केला. एकीने पळसाची दोन फुले पायरीवर ठेवली.

गडी कपाळाला हात लावून बसला. "बाबूजी, आम्ही आत्ता कुठं देव सोडले. सहा महिने नाई झाले अजून. अन् मीच येथ देव बसवून राह्यलो."

दुपारी साहेब आले. त्यांनी ओट्याभोवती एक फेरी मारली, फुले पाहिली आणि शांतपणे विचारले, "हळद टाकायला कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडायला हवे होते. मी नोकरीत नवा होतो, कायम झालो नव्हतो, आणखीही कारणे होती. ती सगळी खरी होती आणि एकही पुरेसे नव्हते.

"माह्या मनानं टाकली जी," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

"तुला चौकीदार व्हायचंय की पुजारी?"

"चौकीदार जी."

"मग आठ दिवसांत हे घालव. नाहीतर तुझ्या जागेचं विसर."

साहेब गेल्यावर तो फटी घासत बसला. घासल्याने लाल पसरले. संध्याकाळी त्याची बायको भाकर घेऊन आली. ती पायरीशी उभी राहून बराच वेळ पाहत होती.

"चिंच आनतो घरून," ती म्हणाली. "चिंचेनं लाल जाते."

"अन् पिवयं?"

"पिवयं उनात उडते. लुगड्याले हळद लागली तं काय करतो मी? उनात वाऊ घालतो." मग तिने मान वर केली. "पन ऊन कुठी हाय येथ?"

ऊन नव्हतेच. लग्नसराई लागली की मांडववाला मिळत नाही, म्हणून साहेबांनी तो पाहुण्यांच्या दहा दिवस आधीच बोलावला होता. तेल लावले त्याच संध्याकाळी त्याने ओट्यावर मांडव घातला होता. वर कापड, चारी बाजूंना झालरी, पुढे तिरंगी पताका. त्याखाली हळद अशी सुरक्षित होती की वर्षभर हलली नसती.

दुसऱ्या दिवशी मी सायकलने कचेरीत गेलो. हळदीबद्दल खरे सांगायचे ठरवूनच गेलो होतो. साहेबांपुढे उभा राहिल्यावर मात्र एवढेच सांगितले, की ओटा वाळायला ऊन लागते, मांडव काढावा लागेल. साहेबांना मांडवाचा अभिमान होता. झालरी त्यांनी स्वतः निवडल्या होत्या. पण पाहुण्यांनी त्याच ओट्यावर उभे राहून अंधश्रद्धेवर बोलायचे होते, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. त्यांनी डोळे मिटले आणि मांडव काढायला परवानगी दिली.

गड्याच्या बायकोने टोपलीभर चिंच आणली. अंदाजपत्रकाविना कोळली. लाल गेले, सगळे पिवळे झाले. मग पाच दिवस चैत्राच्या उन्हाने काम केले. तो मात्र बसून राहू शकत नव्हता. झाडाची सावली ओट्यावर यायची ती येऊ नये म्हणून त्याने एक फांदी छाटली. दुपारी तो फळीवर तळहात ठेवून किती तापली ते बघे, आणि मोळीवाल्या बाया दिसल्या की लांबूनच ओरडे, "देव नाई हो बाई, लाकूड आहे, सरका पुढं." सहाव्या दिवशी साग पुन्हा मधासारखा झाला होता, आधीपेक्षा किंचित उजळ. मांडव पुन्हा चढला.

मंत्री आले, बूट घालून ओट्यावर चढले आणि बरेच बोलले. राष्ट्र त्यागावर उभे राहते असे त्या दिवशी ठरले. पायांखाली त्यांनी पाहिले नाही. पाहण्यासारखे काही उरले नव्हते, हेच तर आमचे यश होते. गडी मांडवाच्या खांबाशी उभा राहून फक्त फळ्यांकडे बघत होता.

नंतर मी त्याचा अर्ज लिहून दिला. मला जे तोंडाने बोलता आले नाही ते मी अर्जात भरून काढले. निष्ठा, चिकाटी, काष्ठकामाचे ज्ञान, सरकारी मालमत्तेविषयी आत्मीयता. तीन वेळा लिहिला, चौथ्यांदा सुवाच्य केला. त्याने अंगठा उमटवला. पुढे दर बाजाराच्या दिवशी तो कचेरीच्या ओसरीपर्यंत यायचा.

"कागद आला का जी?"

"नाही अजून."

"बरं. येतो पुढच्या बाजारी."

श्रावणात हुकूम आला. जागा त्याला मिळाली. त्याने तो कागद दोन्ही हातांनी घेतला, मला वाचायला लावला, पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि त्याच दिवशी कुटुंब घेऊन त्या कौलारू खोलीत राहायला गेला. मला चैन पडेना. माझ्या अर्जाने काम झाले, की ओट्याने, की साहेबांना अखेर दया आली, हे कळावे म्हणून मी एका दुपारी ती फाईल काढली. साहेबांचा शेरा एका ओळीचा होता. जंगलात वाघ असल्यामुळे या जागेसाठी दुसरा अर्ज आलेला नाही.